आमच्याच नावाची नोटीस आम्हालाच

२०२४ च्या जूनमध्ये पोस्टमन रजिस्टर एडी घेऊन आला तेव्हा मी कढईपाशी होते. हात तेलाचे, म्हणून पाकीट सासऱ्यांनीच फोडलं. पुण्यातल्या वकिलाची नोटीस. 'आमच्या अशिलाच्या नोंदणीकृत ट्रेडमार्कची नक्कल करून तुम्ही भडंग विकता, पंधरा दिवसांत विक्री बंद करा, छापलेली पाकिटं नष्ट करा, पाच लाख भरपाई द्या.' दादांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "अगं, आपलं नाव आपणच चोरलं म्हणतोय का हा?"

तेच म्हणत होता. नाव मी इथे लिहीत नाही, प्रकरण चालू आहे आणि आमच्या वकिलीणबाईंनी तोंड आवरायची सक्त ताकीद दिली आहे. एवढंच सांगते की ते नाव माझ्या आजेसासूबाईंचं लाडाचं नाव आहे आणि २००४ पासून सांगलीत आम्ही त्या नावाने भडंग विकतो. आधी पिशवीत कागदाची चिठ्ठी घालून, पुढे छापील पाकिटात.

नोटीस पाठवणारा आमचा पुण्याचा डिस्ट्रिब्युटर. २०१७ च्या दिवाळीला ह्यांच्या मावसभावाच्या ओळखीने आला. दीड वर्षात एकही पेमेंट थकवलं नाही. सांगलीतले रोजच्या उठण्याबसण्यातले दुकानदार तीन-तीन महिने रखडवायचे आणि हा दर सोमवारी पैसे टाकायचा. संशय घ्यायचा तरी कुणाचा? घरी आला की सासूबाईंच्या पाया पडायचा, जेवून जायचा, जाताना शिळ्या भाकरीचा चिवडा मागून न्यायचा.

मे २०१९ मध्ये तोच म्हणाला, "काका, पुण्यात माल चांगला जातोय. उद्या कुणी नाव उचललं तर बोंब मारून उपयोग नाही. ट्रेडमार्क करून टाकू, माझा माणूस आहे." बारा हजार सांगितले. मालाच्या एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला साडेचार हजार असते, बाकीचे वकिलाचे, हे मला आत्ता कळतंय. तेव्हा बारा हजारात काम होतंय याचंच अप्रूप. नाव कधीपासून वापरता याचे पुरावे लागतात म्हणाला. ते खरंच लागतात. म्हणून मीच एका दुपारी जुन्या बिलबुकांतली पानं जेवणाच्या टेबलावर ठेवून एकेक फोटो काढला आणि त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. शॉप ॲक्टचा कागद, जत्रेतल्या स्टॉलचे फोटो, सगळं.

ऑगस्टमध्ये पूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली होती, सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. मारुती चौकाजवळचं आमचं दुकान माळ्यापर्यंत पाण्यात होतं. माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात पंधरा वर्षांची बिलबुकं. पाणी ओसरल्यावर झाकण उघडलं तर आत काल्यासारखा लगदा. त्यातलं एक पान सुटं करायचा मी बराच वेळ प्रयत्न केला, मग ट्रंकेसकट टाकून दिलं.

नोव्हेंबरमध्ये त्याने एक पीडीएफ पाठवली. "झालं वहिनी, नंबर आला." सासूबाईंनी देवापुढे पेढे ठेवले. पुढच्या छपाईत आम्ही नावाशेजारी बारीक 'टीएम', म्हणजे ट्रेडमार्क, टाकून घेतलं. त्या कागदावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे, हे घरातल्या पाच शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकानेही वाचलं नाही. मी स्वतः बीकॉम आहे. लाज वाटते, पण लिहिते.

तो कागद म्हणजे अर्ज पोचल्याची पावती होती, नोंदणी नव्हे. अर्ज तपासला जातो, हरकत काढली तर उत्तर द्यावं लागतं, मग नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं. हे जर्नल दर सोमवारी निघतं आणि इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतं. छापून आल्यापासून चार महिन्यांत कुणी विरोध नोंदवला नाही तर नोंदणीची वाट मोकळी. आमचं नाव २०२२ च्या पावसाळ्यात छापून आलं. त्या चार महिन्यांत आम्ही गणपती केला, दिवाळीच्या ऑर्डरी पुऱ्या केल्या, त्याला नेहमीपेक्षा दुप्पट माल पाठवला. २०२३ मध्ये त्याच्या हातात सर्टिफिकेट आलं. दहा वर्षं चालतं ते, आणि मोजायची अर्जाच्या तारखेपासून.

त्यानंतर त्याच्या ऑर्डरी आटल्या. "पुण्यात उठाव नाही काका." आम्ही खरं मानलं. मग ह्यांचा भाचा कोथरूडहून येताना एक पाकीट घेऊन आला आणि म्हणाला, "मामी, तुमचं भडंग बिघडलंय, लसूण कुठाय?" पाकीट हुबेहूब आमचं. तोच पिवळा, तीच सूप घेतलेली बाई, नावात फक्त शेवटी एक 'ज्' चिकटवलेला. मागे पत्ता पुण्याचा आणि चौदा आकडी अन्न परवाना दुसऱ्याचा. पण साहित्याच्या यादीत 'कडीपत्ता' छापलेलं. ही आमची चूक. पहिल्या छपाईत प्रूफ मी तपासलं होतं आणि कढीपत्त्याचा 'ढ' नजरेतून सुटला होता. अशा पाकिटांना प्रत्येक रंगाचा छपाईचा वेगळा सिलिंडर लागतो. त्याचे पैसे आम्ही भरलेले, पण सिलिंडर पडून राहतात छापणाऱ्याकडे. ह्या गृहस्थाने नाव आणि पत्ता असलेला काळ्या रंगाचा एकच सिलिंडर नवा पाडला. त्यावर साहित्याची यादी जशीच्या तशी उचलली, चुकीसकट. बाकीचे सगळे आमचेच वापरले. छापणारा म्हणतो, "तुमचाच माणूस म्हणून आला होता की."

भाचा पाकीट घेऊन आला, त्याला महिना होतोय तोवर नोटीस.

वकिलीणबाईंनी पहिलं काम केलं ते मी पाच वर्षांपूर्वी करायला हवं होतं. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर तो अर्ज क्रमांक टाकला. दोन मिनिटं लागली. मालक: त्याची फर्म. अर्जाची तारीख: ऑक्टोबर २०१९. म्हणजे मेमध्ये पैसे घेऊन तो गप्प बसला आणि आम्ही दुकानातला गाळ उपसत असताना त्याने अर्ज टाकला. ट्रंक गेल्याचं मीच त्याला फोनवर रडत सांगितलं होतं.

अर्जाला जोडलेले कागदही तिथे उघडून बघता येतात. प्रतिज्ञापत्रात लिहिलेलं, २००४ पासून हे नाव आमचं, सांगलीचे हे लोक आमच्यासाठी जॉबवर्क करतात, म्हणजे मजुरीवर माल बनवून देतात. सोबत मी काढलेले फोटो. बिलावरचं दुकानाचं नाव दिसू नये म्हणून वरची पट्टी कापलेली, पण खाली डाव्या कोपऱ्यात आमच्या टेबलावरच्या प्लास्टिकचं निळं फूल आलेलं, आणि दोन बिलांवर दादांची सही तशीच. दादा स्क्रीनजवळ वाकले. "जॉबवर्क," एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

गंमत अशी की पुरात गेलेल्या बिलांच्या प्रती आता त्याच्याच अर्जात सरकारदरबारी जमा आहेत. माझ्या फोनमधले फोटो केव्हाच गेले होते, तो फोनही पुरात गेला.

नोंदणी त्याची झाली म्हणजे सगळं संपलं असं आम्हाला वाटलं होतं. तसं नसतं. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या चौतिसाव्या कलमाप्रमाणे आधीपासून सातत्याने नाव वापरणाऱ्याला नंतरचा नोंदणीवाला अडवू शकत नाही. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडई हलव्याचं प्रकरण वकिलीणबाईंनी सांगितलं. इरुट्टुकडई म्हणजे अंधारं दुकान. त्या नावापुढे गावाचं नाव लावून दुसऱ्याने हलवा विकायला घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आधी वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचा ठरवला. पण आधी वापरल्याचं दाखवावं लागतं, कागदाने. त्याची नोंदणी रद्द करण्याचा अर्ज आम्ही मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयात केला आहे. आमचा स्वतःचा नवीन अर्जही टाकला, या वेळी मालकाच्या रकान्यात दादांचं नाव मी बोट ठेवून वाचलं. टाकल्यापासून रोज फोन येतात: 'मॅडम, तुमची फाइल अडकलीय, आठ हजार भरा.' अर्जातली माहिती सगळ्यांना दिसते, तिथून उचलतात. मी सरळ ठेवून देते.

मिरजेत मसाले करणारी एक मैत्रीण परवा सांगत आली, की एजंट तिला 'सांगली हळद' हे नाव एकटीच्या नावावर करून देतोय, पंचवीस हजारात. तिला म्हटलं, बाई, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालाचं, असं एकटीच्या मालकीचं होत नाही. तुझं स्वतःचं नाव काय आहे ते कर, आणि अर्जाचा कागद आला की मला दाखव. अजून पैसे दिले नव्हते, सुटली.

आता आमचं घर म्हणजे पुराव्यांचा कारखाना झालंय. गणेश मंडळाच्या २००९ च्या स्मरणिकेत पाव पानाची जाहिरात सापडली. बँकेने जुना खातेउतारा दिला. दुकानात पाटी लावली आहे, २०१९ च्या आधीचं पाकीट कुणाकडे असेल तर आणा, किलोभर भडंग फुकट. लोक हसतात. एकाने विचारलं, "म्हणजे तुम्ही डुप्लिकेट का?"

गेल्या आठवड्यात माधवनगरहून एक काकू आल्या. नातवाच्या बारशाचा फोटो घेऊन. पाळण्यामागे फडताळ, फडताळावर आमचं पिवळं पाकीट, अर्धं दुमडून वर चिमटा लावलेला. कोपऱ्यात कॅमेऱ्याची लाल तारीख, २०११. फोटो वकिलीणबाईंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, मूळ प्रत जपून ठेवा, आणि मोठा करून आणा, पाकिटावरचं नाव वाचता आलं पाहिजे.