इंडियाफॉस की पायकॉन इंडिया? मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेला जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तुलनात्मक आढावा

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला वर्षाकाठी एखादीच बाहेरगावची परिषद परवडते, आणि गेल्या काही वर्षांत ही निवड आणखी अवघड झाली आहे. २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची (म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरची) इंडियाफॉस ही परिषद ७ आणि ८ सप्टेंबरला भरली, तर पायथॉन या संगणकभाषेची पायकॉन इंडिया २० ते २३ सप्टेंबरला. दोन्ही बेंगळुरूत आणि दोन्ही निम्हान्सच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्येच. २०२५ मध्येही महिना आणि शहर बदलले नाही. सत्र ऐन भरात असताना पंधरवड्यात दोनदा बेंगळुरू गाठणे पुण्याच्या विद्यार्थ्याला कठीण, आणि नाशिक किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याला तर जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे दोहोंपैकी एक निवडावी लागते आणि ती विचारपूर्वक निवडलेली बरी.

या तुलनेत व्याख्यानांना मी फारसे वजन देत नाही, कारण दोन्हीकडची बहुतेक व्याख्याने नंतर यूट्यूबवर पाहायला मिळतात. घरी बसून मिळत नाही ती माणसांची ओळख. ही ओळखही भेटवस्तूंच्या पिशव्या, स्टिकर आणि लिंक्डइनच्या विनंत्यांवर टिकत नाही. एखाद्या प्रकल्पावर दोघांनी शेजारी बसून काही तास काम केले असेल, तर सहा महिन्यांनी पाठवलेल्या पॅचवर, म्हणजे कोडमधल्या दुरुस्तीवर, तुमचे नाव पाहून समोरच्याला तुम्ही आठवता. म्हणून कोणत्या परिषदेत कोणाशेजारी किती वेळ बसायला मिळेल, हाच माझा पहिला निकष आहे. खर्च, बुडणारे तास आणि कार्यक्रमाचा आवाका हे सगळे त्यानंतर येते.

इंडियाफॉस: आवाका मोठा, वेळ थोडा

इंडियाफॉस ही फॉस युनायटेड या संस्थेची वार्षिक परिषद आहे. झिरोधा आणि मुंबईची फ्रापे या दोन कंपन्यांच्या पाठबळावर २०२० मध्ये ही संस्था उभी राहिली. फ्रापेची ईआरपीनेक्स्ट ही व्यवसायांचा कारभार सांभाळणारी प्रणाली स्वतःच मुक्त परवान्याखाली असल्यामुळे, मुक्त सॉफ्टवेअर बनवून पोट भरता येते का, हा विद्यार्थ्यांच्या मनातला प्रश्न इथे मोकळेपणाने चर्चिला जातो. परिषदेला कोणत्याही एका भाषेची किंवा तंत्राची मर्यादा नाही. एका दालनात नकाशांवर आणि खुल्या विदेवर (डेटावर) बोलणारे असतात, दुसऱ्यात परवान्यांच्या कायदेशीर बाजूवर, तिसऱ्यात हार्डवेअरवर. मोठ्या मंचांखेरीज एकेका विषयाला वाहिलेल्या डेव्हरूम असतात, समान रस असलेल्यांच्या गटचर्चा होतात, आणि प्रकल्पांना स्वतःचे बूथ मांडायला जागा मिळते.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने या परिषदेची खरी दौलत म्हणजे हे बूथ. व्याख्यान संपल्यावर वक्त्याभोवती जमलेल्या घोळक्यातून पुढे सरकायला नवख्याला संकोच वाटतो. बूथवर मात्र समोरचा माणूस तुमच्याशी बोलण्यासाठीच उभा असतो. ‘तुमच्या प्रकल्पाच्या इन्स्टॉलेशनच्या पानावरची तिसरी पायरी माझ्या लॅपटॉपवर चालली नाही’ एवढे एक वाक्य तिथे पुरते, कारण प्रकल्प सांभाळणाऱ्याला कौतुकापेक्षा अशा माहितीचा उपयोग अधिक असतो. आपल्याला कशात रस आहे हेच अजून ठरलेले नसेल, तर दोन दिवसांत इतके निरनिराळे प्रकल्प आणि ते चालवणारी माणसे एकाच इमारतीत दुसरीकडे क्वचितच भेटतील.

उणीवही याच गुणातून येते. दिवस दोनच, एका वेळी अनेक दालनांत कार्यक्रम आणि सभोवती गर्दी, त्यामुळे बहुतेक संभाषणे पाच-दहा मिनिटांत संपतात. ज्याला पुढचा धागा स्वतःहून धरता येतो त्याच्यासाठी ही पाच मिनिटे पुरेशी असतात. पण बोलायला सुरुवात करायलाच ज्याला एक दिवस लागतो, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बऱ्याचदा फक्त प्रेक्षक म्हणून परततो.

पायकॉन इंडिया: विषय एक, बैठक लांब

पायकॉन इंडिया २००९ पासून भरते. तिच्यामागे पायथॉन सॉफ्टवेअर सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था आणि स्वयंसेवकांचा गट असतो. ही परिषद शहरे बदलत आली आहे. २०११ मध्ये ती पुण्यात झाली होती, पुढे दिल्ली, हैदराबाद आणि चेन्नईलाही गेली. विषय पायथॉनपुरता, पण पायथॉन आता विदा-विश्लेषणापासून वेबपर्यंत सर्वत्र असल्यामुळे श्रोत्यांमध्ये कंपन्यांतले अभियंते, संशोधक आणि प्राध्यापक असे सगळे असतात. एक गोष्ट मात्र आधीच जाणून जावे: इथे येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पायथॉनचे वापरकर्ते असतात, मुक्त प्रकल्पांत लिहिणारे नव्हे. नुसत्या गर्दीकडे पाहून ‘हे सगळे योगदान देणारे आहेत’ असे समजलात, तर तुम्ही चुकीच्या माणसांशी चुकीच्या अपेक्षेने बोलाल.

माझ्या निकषावर ही परिषद सरस ठरते ती व्याख्यानांपलीकडच्या तीन गोष्टींमुळे. पहिली, स्प्रिंट, म्हणजे एकत्र बसून प्रकल्पावर काम करण्याचा दिवस. प्रकल्पाचे मेंटेनर, म्हणजे तो सांभाळणारे, एका टेबलाशी बसतात, नवख्यांना जमतील असे इश्यू (नोंदवलेल्या त्रुटी किंवा कामे) काढून ठेवतात, आणि अख्खा दिवस त्यांच्याशेजारी बसून तुम्ही पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवू शकता. एरवी ज्या प्रतिक्रियेची आठवडाभर वाट पाहावी लागते ती इथे शेजारच्या खुर्चीवरून मिळते, आणि ‘हे असे का लिहिले?’ या प्रश्नाचे उत्तर देता देता मेंटेनरला तुमची विचार करण्याची पद्धत दिसते. दुसरी, पोस्टरचे दालन. मंचावर उभे राहण्याची ज्याला धास्ती वाटते, त्याने आपल्या छोट्या प्रकल्पाचा एक फलक लावून त्याशेजारी उभे राहावे. लोक आपणहून येतात, प्रश्न विचारतात, आणि संभाषणाची सुरुवात तुम्हाला करावी लागत नाही. तिसरी, ओपन स्पेस, म्हणजे तिथल्या तिथे फळ्यावर विषय लिहून जमवलेली बैठक. विद्यार्थ्यांनी या प्रकाराचा उपयोग फारच कमी करून घेतला आहे असे मला वाटते. ‘मराठी मजकुरासाठी पायथॉन’ असा विषय फळ्यावर लिहिला, तरी आठ-दहा माणसे येऊन बसतील, आणि त्यांतली दोन-तीन पुढे वर्षभर संपर्कात राहतील.

स्प्रिंटबाबत एक सूचना गंभीरपणे घ्यावी. प्रकल्पाची रिपॉझिटरी (कोडचा साठा), तिला लागणारी पॅकेजेस आणि चाचण्या हे सगळे घरून निघण्यापूर्वी लॅपटॉपवर चालवून पाहावे. सभागृहातल्या वायफायवर शेकडो लोक एकाच वेळी असतात. तिथे बसून डाउनलोड सुरू केले तर अर्धा दिवस त्यातच जातो आणि मेंटेनरशेजारच्या वेळेचा काही उपयोग होत नाही.

पैसा, हजेरी आणि घर

तिकिटाचे दर दरवर्षी बदलतात, पण खर्चाचा मोठा वाटा प्रवास आणि मुक्कामाचा असतो. मुंबईहून पुणे, सोलापूरमार्गे जाणारी उद्यान एक्सप्रेस पुण्याहून दुपारच्या सुमारास निघून दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरूला पोहोचते. सांगली-कोल्हापूरकडच्यांना मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस सोयीची आहे, कारण तिने एका रात्रीत पोहोचता येते. शनिवार-रविवारच्या इंडियाफॉससाठी शुक्रवार आणि सोमवार असे दोन दिवस जातात. कार्यशाळा आणि स्प्रिंट धरून पायकॉन इंडियासाठी त्याहून अधिक दिवस मोडतात, शिवाय मुक्कामाच्या एक-दोन रात्री वाढतात. ७५ टक्के हजेरीची अट आणि सप्टेंबरातल्या अंतर्गत परीक्षा पाहता हा फरक लहान नाही. विभागप्रमुखांकडे आधीच लेखी अर्ज द्यावा, आणि परिषदेत पोस्टर किंवा व्याख्यान स्वीकारले गेले असेल तर त्याचे पत्र जोडावे. नुसते ‘परिषदेला जातो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘सादरीकरण करतो’ म्हणणाऱ्याला महाविद्यालये अधिक सहजपणे सवलत देतात, असा माझा अनुभव आहे.

पायकॉन इंडियाकडे आर्थिक साहाय्यासाठी अर्ज करता येतो. हा अर्ज लिहिताना गरज सांगावीच, पण तिथे जाऊन नेमके काय करणार आणि परतल्यावर आपल्या महाविद्यालयात ते कसे पोहोचवणार, हेही स्पष्ट लिहावे.

सणांचा विचारही करायला हवा. २०२४ च्या इंडियाफॉसचा पहिला दिवस गणेश चतुर्थीचा होता. ज्या घरी दीड दिवसाचा गणपती बसतो त्या घरच्या मुलाला किंवा मुलीला त्या वर्षी बेंगळुरूला जाणे सोपे नव्हते, आणि तसे न गेल्याबद्दल कोणालाही कमी लेखू नये. तारखा जाहीर होताच पंचांग आणि परीक्षेचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहावे.

घराजवळ आणि देशाबाहेर

बेंगळुरूचा हट्ट धरण्यापूर्वी आपल्या शहरात काय होते आहे हे तपासावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केडीई या मुक्त डेस्कटॉप-प्रकल्पाची भारतातली परिषद पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात, तिथल्या विद्यार्थ्यांच्या मुक्त सॉफ्टवेअर गटाच्या सहभागाने, तीन दिवस चालली. डेस्कटॉपवर काम करणारे केडीईचे लोक पुण्यातल्या एका महाविद्यालयात आले होते आणि तिथे पोहोचायला लोकलचे किंवा बसचे तिकीट पुरे होते. त्याआधी फेब्रुवारी २०१७ च्या पायकॉन पुणेमध्ये चारपैकी दोन दिवस केवळ स्प्रिंटसाठी राखले होते, आणि माझ्या निकषावर असे प्रमाण वरच्या दोन्ही परिषदांपेक्षा चांगले आहे. असे प्रसंग दरवर्षी येत नाहीत. पण फॉस युनायटेडच्या पुणे आणि मुंबईच्या बैठका आणि पायथॉन पुणे गटाच्या भेटी होत असतात. तिथे येणारी माणसे पुन्हा पुन्हा भेटतात, बोलणे मराठीतही सुरू होऊ शकते, आणि इंग्रजीत बोलताना अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला धीर तिथेच येतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने आधी काही महिने या बैठकांना जावे आणि मगच बेंगळुरूचे तिकीट काढावे, असे मी आग्रहाने सांगेन.

परदेशातल्या परिषदांबद्दल थोडक्यात. ब्रसेल्सच्या विद्यापीठात जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरणाऱ्या फॉसडेमला प्रवेशशुल्क नाही, नावनोंदणीही लागत नाही. पण शेंगेन व्हिसा, विमानभाडे आणि कडाक्याच्या थंडीतला मुक्काम हे सगळे स्वतःच्या खर्चाने करावे लागते, आणि दालने इतकी भरतात की दारावरून परत फिरावे लागते. केवळ पाहण्यासाठी तिथे जाऊ नये; तिची व्याख्याने थेट प्रक्षेपित होतात आणि नंतरही उपलब्ध राहतात. फॉसएशियाची परिषद २०२४ मध्ये हनोईला आणि २०२५ मध्ये बँकॉकला झाली, त्यामुळे भाड्याच्या दृष्टीने ती युरोपपेक्षा जवळची आहे.

डेबकॉन्फ मात्र वेगळ्या जातीची आहे. डेबियन या लिनक्सवर आधारित मुक्त कार्यप्रणालीवर काम करणारे लोक तिथे आठवडाभर एकत्र राहतात, जेवतात आणि काम करतात, आणि त्याआधीच्या आठवड्यात डेबकॅम्प भरतो, ज्यात व्याख्याने जवळजवळ नसतातच. २०२३ मध्ये ती कोचीला झाली, भारतात पहिल्यांदाच. प्रवास, निवास आणि जेवण यांसाठी अर्ज करून साहाय्य मिळवता येते, आणि निवड करताना तुम्ही केलेले काम पाहिले जाते. शेजारी बसून काम करण्याचा वेळ मोजला तर या आढाव्यातल्या सगळ्या परिषदांत हिचा क्रमांक पहिला लागतो. अट एवढीच की एखादे पॅकेज किंवा भाषांतर हातावेगळे केल्यावरच तिचा विचार करावा.

कोणी काय निवडावे

दुसऱ्या वर्षात असाल, दिशा ठरलेली नसेल आणि दोनच दिवस हाती असतील, तर इंडियाफॉसला जा. मात्र निघण्यापूर्वी बूथ मांडणाऱ्या प्रकल्पांची यादी पाहून त्यांतले तीन स्वतः चालवून बघा. तिसऱ्या वर्षात असाल आणि पायथॉनमधला एखादा प्रकल्प रोज वापरत असाल, तर पायकॉन इंडिया निवडा, आणि पैसे कमी पडत असतील तर एखादी कार्यशाळा सोडा, स्प्रिंट सोडू नका. तिसऱ्या वर्षाचा आग्रह मी आणखी एका कारणासाठी धरतो. नवख्यांना मुक्त प्रकल्पांत मानधनावर काम देणाऱ्या गूगल समर ऑफ कोड या उपक्रमातल्या संस्थांची नावे फेब्रुवारीत जाहीर होतात आणि प्रस्ताव मार्च-एप्रिलमध्ये द्यायचे असतात. सप्टेंबरात ज्या प्रकल्पाच्या टेबलाशी बसलात, त्यात काम करत राहायला तुम्हाला जवळपास सहा महिने मिळतात; फेब्रुवारीत जागे होणाऱ्याला एक-दोनच.

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याचा हेतू नोकरीचा असेल तर दोन्हीकडे प्रायोजक कंपन्या असतात, पण बायोडेटा वाटत फिरण्याने फारसे साधत नाही. ज्या कंपनीचे सॉफ्टवेअर मुक्त आहे तिच्या रिपॉझिटरीत स्वीकारला गेलेला एक पॅच दाखवून बोलणे सुरू करावे. अशा कंपन्या इंडियाफॉसमध्ये अधिक भेटतात, म्हणून या एका बाबतीत मी तिला झुकते माप देईन.

जिथे जाल तिथे मित्रांच्या घोळक्यात राहू नये. एकाच महाविद्यालयाचे आठ जण दोन दिवस एकत्र फिरले, तर त्यांना नवे कोणी भेटत नाही. सकाळी वेगळे व्हावे आणि रात्री मुक्कामी आल्यावर कोणाला कोण भेटले ते एकमेकांना सांगावे. गप्पांचे कोंडाळे दिसले तर त्यात शिरायला हरकत नसते, आणि स्वतः उभे असताना आणखी एकाला येता येईल एवढी जागा मोकळी ठेवण्याची रीत या परिषदांमध्ये रुळलेली आहे. भेटलेल्या माणसाचे नाव, त्याचा प्रकल्प आणि बोलण्यात निघालेला इश्यू त्याच दिवशी वहीत लिहावा, आणि परतल्यावर आठवड्याच्या आत त्या इश्यूवर काही ठोस टिप्पणी करावी: त्रुटी आपल्याकडे कशी दिसली, कोणत्या आवृत्तीत दिसली, आणि दुरुस्तीचा प्रयत्न आपण करू का, ही विचारणा.