पाम तेलाचं बायोडिझेल: उष्ण हवेत अव्वल, गारठ्यात अडखळणारं

इंजिनात पेट घेण्याच्या बाबतीत पामचं बायोडिझेल सोयाबीन आणि मोहरीच्या बायोडिझेलपेक्षा उजवं आहे. त्याचा सीटेन क्रमांक, म्हणजे इंधन किती चटकन पेट घेतं याचं माप, ६० च्या आसपास असतो. युरोपीय मानकात साध्या डिझेलला किमान ५१ लागतो. त्यामुळे इंजिनाची खडखड कमी होते. वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन इंधनातच असल्याने काजळीही घटते. गंधक काढलेल्या डिझेलचं वंगण कमी पडतं. त्यात एक-दोन टक्के बायोडिझेल मिसळलं तरी इंधन पंपाची झीज आटोक्यात येते. मायलेज मात्र थोडं घटतं, कारण शुद्ध बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा सात-आठ टक्के कमी असते. बी२० मिश्रणात (२० टक्के बायोडिझेल, बाकी साधं डिझेल) हा फरक जेमतेम जाणवतो.

खरी गोम पामिटिक आम्लात आहे. पाम तेलातल्या मेदाम्लांत ते सुमारे ४४ टक्के असतं. ते संतृप्त असल्यामुळे हवेने लवकर खराब होत नाही, म्हणून साठवणुकीत हे इंधन सोयाबीनच्या बायोडिझेलपेक्षा जास्त टिकतं. पण त्याच कारणाने शुद्ध इंधन १५ अंश सेल्सिअसच्या आसपास गढूळ होऊ लागतं आणि आणखी गार झालं की फिल्टर तुंबतो. फिल्टर उघडल्यावर मेणासारखा पांढरा थर दिसला, तर दोष नुसत्या थंडीचा असेलच असं नाही. बायोडिझेल बनवताना तेलाची मिथेनॉलशी प्रक्रिया अर्धवट राहिली की मोनोग्लिसराइड, म्हणजे अर्धवट बदललेले तेलाचे रेणू, उरतात. ते गढूळ होण्याच्या तापमानाच्या वरही तळाशी बसतात आणि नंतर सहज विरघळत नाहीत. म्हणून विकत घेताना तपासणी अहवाल मागावाच. युरोपीय मानकात मोनोग्लिसराइडची मर्यादा ०.७ टक्के आहे. गार हवेसाठी ०.४ च्या आतला माल घ्यावा. पाणी किलोमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर नको.

जुन्या वाहनात पहिल्यांदा भरताना जास्तीचा फिल्टर जवळ ठेवा. हे इंधन टाकीतला जुना गाळ सोडवतं, तो थेट फिल्टरमध्ये येतो आणि गाडी ओढेनाशी होते. शुद्ध इंधन वापरायचं तर नैसर्गिक किंवा नायट्राइल रबराच्या नळ्या फुगतात. त्या बदलून फ्लुओरो रबराच्या घ्याव्यात. तांबं, पितळ आणि जस्ताचा मुलामा इंधनाला लागू देऊ नये, हे धातू ते लवकर नासवतात.

पर्यावरणाच्या फायद्याचा दावा मात्र डोळे झाकून स्वीकारू नये. हेक्टरी तीन-चार टन तेल देणारं दुसरं तेलपीक नाही, हे खरं. पण जंगल तोडून किंवा दलदलीची पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) जमीन कोरडी करून लागवड केली असेल, तर मातीतून सुटणारा कार्बन डिझेल वाचवून मिळालेला फायदा गिळून टाकतो. तेल कुठल्या मळ्यातलं, याचा दाखला न देणाऱ्या पुरवठादाराकडून हे इंधन घेऊच नये.

रोज धावणाऱ्या ट्रक-बसला उष्ण प्रदेशात बी२० बिनधास्त चालेल. महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या जनरेटरच्या टाकीत मात्र साधं डिझेलच बरं. बायोडिझेल पाणी धरतं आणि त्या पाण्यात जंतू वाढून चिकट गाळ होतो.