विजयदुर्गला जाताय तर गाईड घ्याच

मागच्या रविवारी आईबाबांना घेऊन विजयदुर्गला जाऊन आलो, देवगडवरून पडेल कॅन्टीनमार्गे. आधी दोनदा गेलेलो पण तेव्हा तासाभरात फोटो काढून परत. यावेळी दरवाजाजवळच्या मारुतीपाशी एक लोकल गाईडकाका भेटले, पाचशे रुपये ठरले आणि काकांनी आम्हाला चांगले साडेतीन तास फिरवलं, आईचे गुडघे दुखतात म्हणून मधेमधे बसवत.

शिलाहार राजा दुसरा भोज, मग आदिलशाही, मग शिवाजी महाराजांनी घेऊन विजयदुर्ग नाव दिलं आणि तिहेरी तट बांधला, हे त्यांनी चालता चालता पटकन उरकलं. पण खाडीकडच्या तटाशी आले आणि थांबलेच. "हय हात घाला, ह्यो खड्डो गोळ्याचो आसा." माझं मनगट आत गेलं, आतला दगड अजून खरबरीत आणि थंड होता, बाबांनी पण हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही.

मग तिथेच बसून १७५६ सांगितलं. १७१८ आणि १७२० ला इंग्रज आले, १७२४ ला डच आले, मराठा आरमाराचे प्रमुख असलेल्या आंग्र्यांनी कोणाला किल्ला घेऊ दिला नाही. आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये तो पडला तो नानासाहेब पेशव्यांनीच तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांना सोबत घेतलं म्हणून. समुद्राकडून अ‍ॅडमिरल वॉटसन, जमिनीवरून क्लाईव्ह. आंग्र्यांची जहाजं एकमेकांना लागून उभी होती, एकाला आग लागली आणि अख्खं आरमार जळून गेलं. पुढे बाणकोट घेऊन इंग्रजांनी किल्ला पेशव्यांना दिला पण आरमार काय परत येणार होतं, काका हे सांगताना खाडीकडेच बघत होते आणि मलाही गलबलून आलं खरं सांगतो.

एकच गोष्ट खटकली. किल्ल्यातल्या 'साहेबाचा ओटा' म्हणतात त्या चौथऱ्यावर नेऊन ते म्हणाले की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने इथे उभं राहून हेलियम शोधला. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होता, त्याने सूर्याचं निरीक्षण ऑक्टोबरमध्ये तिकडूनच केलं, आणि ग्रहण बघणारा फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन होता गुंटूरला. मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि वहीत लिहून घेतलं, हे फार आवडलं. आपल्या किल्ल्याकडे एवढं खरं सांगण्यासारखं आहे की उसनं काही लागत नाही.

वाघोटण खाडीतली आरमाराची गोदी बघायची राहिली, तिथे वेगळी गाडी करून जावं लागतं आणि ओहोटी बघून जा म्हणाले. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आल्यापासून गर्दी वाढलीय, म्हणून सकाळी आठच्या आत पोचा, पाणी सोबत घ्या, पावसानंतर पायऱ्यांवर शेवाळ असतं तर चपला नकोत. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, आणि पाचशे रुपयांत घासाघीस करू नका प्लीज.