स्वमग्न मुलांसाठीचा पोहण्याचा वर्ग : एका आईचा अभिप्राय

माझ्या नऊ वर्षांच्या स्वमग्न मुलाला पाण्याची विलक्षण ओढ आहे, मात्र खोलीचा धोका त्याला उमगत नाही. म्हणून सहा महिन्यांपूर्वी पुण्यातील या वर्गात त्याचे नाव घातले. जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये विकसित करण्यास सुरुवात केलेली दहा टप्प्यांची हॅलिविक पद्धत येथे वापरतात. तीत हवेचे फुगे किंवा ट्यूब न बांधता प्रत्येक मुलासोबत एक प्रशिक्षक पाण्यात उतरतो, आणि हातपाय मारण्याआधी पाण्यात फुंकर घालणे, तोल सावरणे व पालथे पडल्यास उताणे होऊन श्वास घेणे शिकवले जाते. हे उताणे होणे त्याला जमले त्या दिवशी मला खरोखर रडू आले. पुढची कृती चित्रफलकावर आधीच दाखवत असल्याने त्याचा गोंधळही पुष्कळ कमी झाला. शेजारच्या बॅचच्या शिट्ट्या मात्र त्याला असह्य होतात. व्यवस्थापनाने या मुलांसाठी शांत, स्वतंत्र वेळ द्यायलाच हवी. तलावात तरंगणारा मुलगा विहिरीत किंवा नदीत सुरक्षित राहीलच असे नाही, हे प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले, याचे मला विशेष मोल वाटते.