पोस्टकार्ड घ्यावं की कागदी रुमाल?

ब्रिटनमधल्या स्त्री-मताधिकाराच्या लढ्याची एक तरी छापील वस्तू संग्रहात हवी आणि खिशात पैसे एकाच वस्तूपुरते असले, की माणूस बहुधा या दोघांत अडकतो.

आधी रुमाल. पातळ, सुरकुतलेला क्रेप कागद, कडेनं रंगीत फुलांची नक्षी, मध्ये काळ्या शाईत पुढारी बायकांचे फोटो नाहीतर मोर्चाचा मार्ग. मोर्चाच्या दिवशी लंडनचे फेरीवाले हे रस्त्यावर विकत. छापणाऱ्याला मताधिकाराचं सोयरसुतक नसे. राज्याभिषेक असो की अंत्ययात्रा, गर्दी जमणार म्हटलं की रुमाल तयार. तोंड पुसून फेकायची चीज, म्हणून फार थोडे उरले, आणि मोह होतो तो त्यामुळेच. पण घडीवर तो चिरतो, ओल लागली की रंग फुटतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तो भिंतीवर लावायचा विचारसुद्धा नको.

पोस्टकार्ड दणकट. पुढे या लढ्याच्या पुढारी एमेलिन पँकहर्स्ट यांचा फोटो, किंवा २१ जून १९०८ रोजी हाइड पार्कात भरलेल्या प्रचंड सभेचं दृश्य. खरी मजा मात्र मागे: अर्ध्या पेनीचं तिकीट, टपालाच्या शिक्क्यातली तारीख, आणि कुणीतरी घाईत खरडलेल्या चार ओळी. कोरं कार्ड जास्त देखणं दिसतं, कबूल. तरी मी पोस्टात पडलेलंच घेईन, कोपरे झिजलेले असले तरी.

कार्ड कुणाच्या बाजूचं आहे तेवढं बघा. चळवळीची टर उडवणारी कार्डं बाजारात भरपूर आहेत. अमेरिकेत डन्स्टन-वायलर कंपनीनं १९०९मध्ये बारा कार्डांचा संच काढला. त्यातल्या एकावर नवरा मॅडोनाच्या, म्हणजे बाळ येशूला घेतलेल्या मेरीमातेच्या थाटात बाळाला बाटलीनं दूध पाजतोय. रंग झकास, हेतू खवचट. घ्यायला हरकत नाही, फक्त ते लढणाऱ्या बायकांनी काढलेलं म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर हसून नमस्कार करा. बायकांच्या बाजूचं चित्र हवं असेल तर लंडनच्या 'सफ्रेज अटेलिए' या चित्रकारांच्या गटाची ठोकळ्यांनी छापलेली कार्डं शोधा, गट १९०९चाच.

'अस्सल फोटो' म्हणून विकलेल्या कार्डावर भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली, तर तो फोटो नव्हे, छपाई आहे. घरी आणल्यावर आम्लरहित पाकिटात ठेवा, मध्ये सिलिका जेलची पुडी. लॅमिनेशन मात्र चुकूनही करू नका.