ब्रेक्झिटनंतरचं ताट: बाहेरच राहावं, करार करावा, की परत जावं?

ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, पासपोर्ट भारतीय असला तरी. राष्ट्रकुलाची ही जुनी सवलत. युरोपीय संघातून बाहेर पडायचं का, यावरच्या 2016च्या सार्वमतातही ती होती. त्यामुळे युरोपशी पुन्हा किती जवळीक करायची, हा प्रश्न हॅरो-लेस्टरच्या मराठी घरांतही येतो. तिथे बहुतेकदा चर्चा व्हिसा आणि नोकऱ्यांभोवती फिरते. मी इथे फक्त शेती आणि अन्न एवढ्यापुरतं बघतोय.

पर्याय ढोबळमानाने तीन. एक, आहे तसं बाहेर राहून स्वतःचे नियम आणि स्वतःचे व्यापार करार चालवायचे. दोन, बाहेरच राहायचं, पण अन्नसुरक्षा आणि पशू-वनस्पती आरोग्याचे नियम युरोपीय संघाप्रमाणे ठेवायचे. 19 मे 2025 ला ब्रिटन आणि संघाच्या लंडनच्या बैठकीत याच दिशेने जायचं ठरलं. तीन, पूर्ण परत जायचं, म्हणजे सीमाशुल्क संघ (बाहेरच्या मालावर सगळ्या सदस्यांची एकच जकात) आणि सामाईक कृषी धोरण (संघाची शेती-अनुदानांची चौकट) यांच्यासकट.

स्वयंपूर्णतेच्या आकड्यावर मत ठरवू नका

‘बाहेर पडलो की आपलं अन्न आपण पिकवू’ आणि ‘बाहेर पडलो तर उपाशी मरू’, दोन्ही घोषणा 2016 मध्ये ऐकू येत होत्या. प्रत्यक्षात सार्वमताच्या वेळी ब्रिटनची अन्न-स्वयंपूर्णता 60 टक्क्यांच्या आसपास होती आणि 2023 साली 62 टक्के. जे तिथल्या हवामानात पिकतं तेवढंच धरलं तर 75 टक्के. 1984 मध्ये एकूण स्वयंपूर्णता 78 टक्के होती. तेव्हा ब्रिटन संघातच होता आणि युरोप भरमसाट अनुदान देऊन लोणी-धान्याचे ढीग लावत होता.

शिवाय हा आकडा दिसतो तेवढा सरळ नाही. तो पिकाच्या किमतीवर काढतात आणि निर्यात झालेला मालही त्यात धरतात, म्हणजे ताटातला देशी वाटा त्याहून कमीच. धान्य, दूध, मटण यांत देश जवळपास भागवतो, भाज्यांत जेमतेम निम्म्यावर, फळांत सहाव्या हिश्श्यावर. आणि खताचं काय? इंग्लंडातला इन्सचा खत कारखाना 2022 मध्ये कायमचा बंद ठरला, 2023 मध्ये बिलिंगहॅमचा अमोनिया प्रकल्पही. गहू देशी, पण त्याचं नत्र बोटीने येणार. पाऊस तर कुठल्याच कराराला जुमानत नाही: 2024 च्या ओल्या हंगामात गव्हाचं उत्पादन 20 टक्क्यांनी घसरून 1 कोटी 11 लाख टनांवर आलं.

फेब्रुवारी 2023 मध्ये सुपरमार्केटांनी टोमॅटो-काकडी माणशी दोन-तीनच द्यायला सुरुवात केली, तेव्हा सगळ्यांनी ब्रेक्झिटच्या नावाने बोटं मोडली. मूळ कारण स्पेन-मोरोक्कोतली थंडी आणि महाग विजेमुळे रिकामी ठेवलेली इंग्लिश हरितगृहं. हे ब्रेक्झिटच्या खात्यावर टाकणं मला प्रामाणिक वाटत नाही.

पैसा: इथे खरा फरक आहे

संघात असताना इंग्लंडच्या शेतकऱ्यांना वर्षाला सुमारे 240 कोटी पौंड मिळत. त्यातला बराचसा पैसा क्षेत्रावर: हेक्टरी साधारण 230 पौंड. जमीन जास्त त्याला पैसे जास्त, मग तो पिकवो की न पिकवो. उमरावांच्या इस्टेटींना लाखो पौंड, आणि वेल्सच्या डोंगरावरच्या मेंढपाळाला जेमतेम तग धरण्यापुरते. तरीही ते पैसे वेळेवर येत आणि त्यांच्या भरवशावर कर्ज मिळे, हे विसरून चालणार नाही.

बाहेर पडल्यावर 2020 च्या कृषी कायद्याने इंग्लंडने ही पद्धत मोडायला घेतली. सार्वजनिक पैसा सार्वजनिक लाभासाठी, म्हणजे माती, पाणी, कुंपणाच्या झुडपांच्या रांगा, परागण करणारे कीटक. कल्पना म्हणून मला हा ब्रेक्झिटचा सगळ्यात चांगला भाग वाटतो. 27 देशांच्या सहमतीतून एवढा बदल इतक्या लवकर झाला नसता. अंमलबजावणीने मात्र तिची वाट लावली. जुनी रक्कम झपाट्याने उतरवली. 2026 साठी ती शेतकऱ्यामागे जास्तीत जास्त 600 पौंडांवर आणली. आणि तिची जागा घेणारी मुख्य योजना, शाश्वत शेतीची, 11 मार्च 2025 ला संध्याकाळी नव्या अर्जांसाठी अचानक बंद केली. ज्यांचे कागद तयार होते ते बसले हात चोळत.

एक गोष्ट इथे नीट पाहा: ‘ब्रिटनचं कृषी धोरण’ असं काही आता नाही. स्कॉटलंडने थेट अनुदान बऱ्याच अंशी चालू ठेवलं आहे. वेल्सने झाडांखाली दहा टक्के जमीन ठेवण्याची अट घातली, 2024 च्या आंदोलनांनंतर ती मागे घेतली. उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत आजही युरोपच्या नियमांतच आहे. म्हणजे तुम्ही कार्डिफला राहता की केंटमध्ये, यावर पहिल्या पर्यायाचा अर्थ बदलतो. तिसऱ्या पर्यायात हे सगळं पुन्हा एका युरोपीय चौकटीत येईल, आणि क्षेत्रावर आधारलेलं अनुदान बऱ्याच प्रमाणात परत येईल. मला ते नको वाटतं.

फळं तोडायची कोणी?

सार्वमताआधी स्ट्रॉबेरी आणि सफरचंदांच्या बागांत बहुतेक मजूर रुमानिया-बल्गेरियाचे. हंगाम आला की यायचे, नको वाटलं तर दुसऱ्या मळ्यावर जायचे. आता हंगामी व्हिसा आहे. 2019 मध्ये तो 2,500 जणांपुरता सुरू झाला. 2023 साठी 45,000 जागा ठेवाव्या लागल्या. माणसं येतात किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तानातून, सहा महिन्यांसाठी. अनेकजण विमानभाडं आणि मध्यस्थाचे पैसे उसने काढून येतात, आणि मग पहिले काही आठवडे ते फेडण्यातच जातात. बीडच्या ऊसतोड कामगाराची उचल ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे हिशेब समजावून सांगायला नकोत.

दुसऱ्या पर्यायाने यात काहीही बदलत नाही. तो करार मालाचा आहे, माणसांचा नाही. मजुरांसाठी मुक्त संचार हवा असेल तर तिसराच पर्याय उरतो, आणि स्थलांतराचा सगळा राजकीय वाद त्याच्यासोबत येतो. 2021 च्या शरद ऋतूत कत्तलखान्यांत खाटीक नव्हते म्हणून हजारो निरोगी डुकरं शेतावरच मारून टाकावी लागली. मजुरांचा प्रश्न किती खरा आहे हे त्यावरून कळावं.

सीमेवरचे कागद

जकात नाही, कोटा नाही, तरी माल का अडतो? कारण मांस, दूध, अंडी यांच्या प्रत्येक खेपेला पशुवैद्याच्या सहीचा दाखला लागतो. बड्या कंपन्या तो खर्च पचवतात. थोडंसं चीज विकणारा छोटा उत्पादक युरोपचं नावच सोडून देतो. सरकारच्या स्वतःच्या आकड्यानुसार ब्रेक्झिटनंतर युरोपला होणारी अन्ननिर्यात 21 टक्क्यांनी घटली. न गोठवलेले बर्गर आणि सॉसेज युरोपात जात नाहीत. स्कॉटलंडचं प्रसिद्ध बटाटा-बेणं 2021 पासून तिथे विकता येत नाही. मेंढीचं सुमारे एक तृतीयांश मांस निर्यात होतं, त्यातलं बहुतेक युरोपीय संघात, सगळ्यात जास्त फ्रान्सकडे. आणि पशुपालकाला ऑस्ट्रेलियाच्या करारात काय मिळालं? स्पर्धा. गोमांसाचा करमुक्त कोटा 35,000 टनांपासून चढत दहा वर्षांत 1,10,000 टन. तो करार होताना कृषिमंत्री असलेले जॉर्ज युस्टिस नंतर संसदेत म्हणाले की तो फारसा चांगला झालाच नाही.

दुसरा पर्याय नेमका इथे उपयोगी पडतो. दाखले जवळजवळ संपतील. किंमत ही की युरोपने नियम बदलला की ब्रिटनने तो बदलायचा, आणि मतदानाला मात्र बसायचं नाही. युरोपीय कायद्याचा अर्थ लावण्यात शेवटचा शब्दही तिथल्या न्यायालयाचा. जनुक-संपादित पिकांसाठी इंग्लंडने 2023 मध्ये युरोपपेक्षा वेगळा कायदा केला, त्याचं काय होणार हा त्यातला कळीचा मुद्दा.

नियम दुसऱ्याने करावेत आणि आपण पाळावेत, याचा अनुभव आपल्याकडे आहेच. मे 2014 पासून युरोपीय संघाने फळमाशीमुळे भारतीय आंबा बंद केला. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूची पानंही. हापूसच्या पेट्या सगळ्यात जास्त खपत त्या लंडन-लेस्टरमध्ये, आणि बंदी आली ब्रसेल्सहून. व्यापाऱ्यांनी ओरड केली. पण ब्रिटिश सरकारने बंदीची बाजूच घेतली, कारण इंग्लंडच्या हरितगृहांतल्या टोमॅटो-काकडीला माशीचा धोका होता. आंब्यावरची बंदी 2015 च्या सुरुवातीला उठली. बाहेर असते तर हापूस आला असता, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पूर्ण बाहेर राहून शेतीला भिंत घालणाऱ्यांनी नॉर्वेकडेही एकदा पाहावं. त्यांनी 1972 आणि 1994 मध्ये दोनदा संघाला नकार दिला, शेतमालावर जबर जकात ठेवली, शेतकऱ्याला सढळ अनुदान दिलं. स्वयंपूर्णता तरी निम्म्याहून कमी. 2011 च्या नाताळात तिथे लोणी संपलं, आणि शेजारच्या स्वीडनमध्ये ते दुकानांत पडून होतं.

मग कोणी काय निवडावं?

तुमचं पोट ब्रिटनमध्ये मांस, दूध किंवा बटाटा-बेणं विकण्यावर असेल, तर दुसरा पर्याय डोळे झाकून. भाजी-फळांच्या बागा असतील, तर त्याने फार काही साधणार नाही. तुमचं भांडण व्हिसा खात्याशी आहे. फक्त घरखर्च बघणाऱ्यालाही दुसराच बरा, कारण कागदांचा खर्च शेवटी बिलातच येतो. पण मार्च 2023 ची 19 टक्क्यांची अन्नमहागाई मुख्यतः युक्रेन युद्ध आणि इंधनातून आलेली होती, ती असल्या कराराने टळली नसती.

तिसऱ्या पर्यायाकडे झुकणाऱ्या मराठी मतदाराने एक बघावं. सीमाशुल्क संघात परत गेलं की ब्रिटनचे स्वतंत्र करार जातात, 24 जुलै 2025 ला भारताशी झालेलाही. त्यात भारताने दूध आणि सफरचंद बाजूला ठेवून आपल्या मालाच्या 99 टक्के बाबींवरची जकात हटवून घेतली आहे. दुसऱ्या पर्यायात हा करार टिकतो.

नाशिकहून जाणाऱ्या द्राक्षांचं मात्र वेगळं. 2021 पासून ब्रिटनच्या कीडनाशक-अवशेषांच्या मर्यादा स्वतःच्या आहेत. दुसऱ्या पर्यायात त्या पुन्हा युरोपच्या होण्याची शक्यता आहे. 2010 मध्ये वाढनियंत्रकाच्या अवशेषामुळे युरोपात कंटेनर अडकले, तो फटका नाशिकला आठवत असेल. ज्यांचा माल नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरालाही जातो त्यांचं फवारणीचं वेळापत्रक युरोपच्या मर्यादांवरच बेतलेलं असतं. फक्त लंडनसाठी पेट्या भरणाऱ्यांनी पुढची छाटणी धरण्याआधी निर्यातदाराला विचारून घ्यावं.