४३६ रुपयांचे दोन मेसेज

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी माझ्या मोबाइलवर ४३६ रुपये कापल्याचे दोन मेसेज यायचे. तीन वर्षं मी समजत होते की एकच मेसेज दोनदा येतोय. खात्याचे शेवटचे चार आकडे बघा, हे मीच घरादाराला सांगत असते. ते आकडे वेगळे होते. बँकाही वेगळ्या होत्या.

एक कपात खरी. पंतप्रधान जीवन ज्योती विमा (सरकारी योजनेतला दोन लाखांचा आयुर्विमा) मी स्वतः पगाराच्या खात्यावर घेतलेला आहे. दुसरी कपात माझं जुनं बचत खातं ज्या बँकेत आहे तिने परस्पर केलेली. हिशेब असा: ऑक्टोबर २०२२ मध्ये ३४२ आणि २०, मग मे २०२३, मे २०२४ आणि मे २०२५ मध्ये दरवेळी ४३६ आणि २०. मधेच सप्टेंबर २०२४ मध्ये 'जीपीए' अशा तीन अक्षरांच्या नावाने १,०००. एकूण २,७३० रुपये.

पहिलाच आकडा ४३६ असता तर कदाचित तेव्हाच लक्षात आलं असतं. या योजनेचं वर्ष १ जून ते ३१ मे. उशिरा सामील होणाऱ्याकडून कमी हप्ता घेतात: सप्टेंबर ते नोव्हेंबर ३४२, डिसेंबर ते फेब्रुवारी २२८, मार्च ते मे ११४. त्यामुळे पासबुकात ३४२ दिसले तेव्हा बँकेचे काहीतरी चार्जेस असतील म्हणून पान उलटलं. तुमच्या पासबुकात या चारपैकी कुठलाही आकडा असेल आणि त्याच्या आसपास २० रुपये असतील (तो पंतप्रधान सुरक्षा विमा, म्हणजे अपघाताचा), तर आजच विचारा.

आता ती सही. केवायसी अपडेटसाठी बोलावलं होतं. काउंटरवरच्या माणसाने चार-पाच कागद पुढे सरकवले. सहीच्या जागी पेन्सिलने फुल्या मारलेल्या, वर "मॅडम, इथे, इथे आणि इथे". मागे रांग, आणि वरचा कागद खालच्यावर असा ठेवलेला की फुलीच तेवढी दिसावी. मी तीन सह्या केल्या. केवायसीला एक पुरते. कोणी म्हणेल, शिकलेली बाई, वाचायला काय झालं? बँकेत जाऊन प्रत्येक कागद वाचत बसणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही, आणि बँकेचा सगळा खेळ त्यावरच चालतो. ४३६ मधले ३९५ विमा कंपनीला जातात, ३० रुपये योजना गळ्यात मारणाऱ्या एजंट किंवा बँकमित्राला, ११ बँकेला. एवढ्याशा रकमेसाठी कोणी भांडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. शाखेला टार्गेट असतं ते वेगळंच.

"पण मॅडम, तुम्हाला दोन लाखांचं संरक्षण मिळालं ना?" हे मला तोंडावर ऐकवलं गेलं. नाही मिळालं. योजनेच्या नियमातच आहे की एका माणसाने एकाच बँक खात्यातून सामील व्हायचं. दोन खात्यांतून हप्ते गेले तरी वारसाला दोन लाखच मिळतात आणि जादाचा हप्ता जप्त होतो. म्हणजे या बँकेने कापलेल्या जीवन ज्योतीच्या एकेका रुपयाच्या बदल्यात मला शून्य मिळत होतं. आधीची पॉलिसी असेल तर तक्रारीत हे पहिल्या ओळीत लिहा. समोरच्याचं तोंड बंद होतं.

तोंडी तक्रार करू नका. मी दोन आठवडे तोंडी बोलण्यात घालवले आणि त्याची कुठेही नोंद नाही. पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह आवकचा शिक्का घ्या. शाखा शिक्का मारत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा, शिवाय बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करून तक्रार क्रमांक मिळवा. बँकेला उत्तरासाठी असलेली तीस दिवसांची मुदत या तारखेपासून मोजली जाते, मॅनेजरने "बघतो" म्हटल्यापासून नाही. सोबत पासबुकाची झेरॉक्स नको, पूर्ण वर्णन असलेलं स्टेटमेंट जोडा. पासबुकात नोंद अर्धीच छापली जाते.

पत्रात 'विमा बंद करा' असं चुकूनही लिहायचं नाही. शाखेतून छापील फॉर्म देतात तो नेमका बंद करण्याचा असतो. त्यावर सही केली की विमा तुम्ही घेतला होता हे तुम्हीच कबूल केलंत आणि मागचे पैसे बुडाले. मी तो फॉर्म अर्धा भरलाही होता. लिहायचं ते असं: मी संमती दिलेली नाही, माझ्या सहीच्या संमतीपत्राची प्रत द्या, विमा प्रमाणपत्र द्या, सर्व रकमा कापल्याच्या तारखेपासून व्याजासह परत करा, ऑटो डेबिट काढून टाकल्याचं लेखी कळवा.

यावर आलेली उत्तरं ऐका. शाखा म्हणाली, विमा कंपनीकडे जा. विमा कंपनी म्हणाली, पैसे बँकेने कापले, बँकेकडे जा. (या योजनेत मास्टर पॉलिसीहोल्डर, म्हणजे सगळ्या खातेदारांच्या वतीने पॉलिसी घेणारी, बँकच असते, त्यामुळे हे वाक्य ऐकूनच घेऊ नका.) टोल फ्रीवर नऊ मिनिटं गाणं, मग "शाखेशी संपर्क साधा". शाखेत मॅनेजर बदलून गेलेले, नव्या साहेबांना "मागचं काही माहीत नाही". विभागीय कार्यालयातल्या एकाने तर सांगितलं की तीन दिवसांत कळवलं नाही म्हणून आता काही होत नाही. साफ खोटं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातली तीन कामाच्या दिवसांची अट अशा प्रकरणांसाठी होती जिथे चूक ना बँकेची ना ग्राहकाची. चूक बँकेचीच असेल तर ग्राहकाने कळवलं असो वा नसो, त्याची जबाबदारी शून्य. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझंही बँकेवरच. ते परिपत्रक छापून न्यावं लागलं, ही काय अवस्था आहे? बँकेतल्या माणसाला बँकेचा नियम ग्राहकाने वाचून दाखवायचा!

पोलिसांत आणि १९३० या हेल्पलाइनवर जाऊन वेळ घालवू नका. ती सोय सायबर चोरांसाठी आहे, इथे चोर काउंटरच्या आत बसलाय. सरकारी बँक असेल तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात स्वतःच्या संमतीपत्राची प्रत मागा. त्या अर्जाची दखल तक्रारीपेक्षा लवकर घेतली जाते.

माझं संमतीपत्र शेवटी आलं. सही माझी. योजनेचं नाव, वारसाचं नाव, तारीख, तिन्ही रकाने कोरे. त्यानंतर चार दिवसांनी खात्यात ४५६ रुपये जमा झाले, फक्त शेवटच्या वर्षाचे, आणि फोन आला की "तक्रारीचे समाधान झाले" असं लिहून द्या. देऊ नका.

तीस दिवस उलटून उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर तक्रार होते, फी नाही, माहितीसाठी १४४४८. बँकेच्या उत्तरानंतर वेळ न दवडता जायचं; २०२१ च्या लोकपाल योजनेत मुदत वर्षाची होती. बँकेकडची मूळ तक्रारसुद्धा कपातीपासून तीन वर्षांच्या आत हवी, म्हणून जुन्या नोंदी आधी शोधा. बँकेला न विचारता थेट गेलात तर तक्रार परत, वकिलामार्फत गेलात तरी परत. तिथेही फार आशा ठेवू नका. उरलेले १,२७४ रुपये बँकेने लोकपालाचं पत्र गेल्यावर मुकाट जमा केले, व्याजाचा पैसा नाही. पोर्टलवर लगेच 'निकाली'. कोणाच्या सांगण्यावरून कापले, किती लोकांचे कापले, हे कोणी विचारलंही नाही. कोऱ्या रकान्यांचा तो कागद त्यांच्यासमोर होता.

राहिले 'जीपीए'चे १,०००. हा बँकेच्या भागीदार कंपनीचा सामूहिक अपघात विमा. इथे सही नाही, ओटीपी. केवायसीच्याच नावाखाली "नंबर आलाय तो सांगा" म्हणून घेतलेला. ओटीपीच्या मेसेजमध्ये तो कशासाठी आहे हे लिहिलेलं असतं. आकडे सांगण्याआधी ती ओळ वाचा, समोरचा हात पुढे करून उभा असला तरी. २०२५ मध्ये जुलै ते सप्टेंबर गावोगाव शिबिरांत री-केवायसी आणि या योजना एकाच टेबलावर होत्या. घरातल्या म्हाताऱ्यांची पासबुकं आणून तपासा, अटल पेन्शनचा दरमहाचा हप्ता तरुणांच्या खात्यात शोधा.

ओटीपी कुठल्या नंबरवर, किती वाजता गेला याचा लॉग मी मागितला. "सदर माहिती विमा कंपनीकडे उपलब्ध आहे." लोकपालाने हा भाग पुराव्याअभावी बंद केला. आता जिल्हा ग्राहक आयोग: ई-जागृती या आयोगाच्या पोर्टलवर तक्रार, एवढ्या रकमेला फी नाही, वकीलही लागत नाही, कपातीपासून दोन वर्षांची मुदत. माझी सप्टेंबर २०२६ ला संपते. स्टेटमेंट, शिक्क्याची प्रत, कोरं संमतीपत्र, सगळं फाइलला लावलंय. ओटीपीचा मेसेज तेवढा नाही. फोनची मेमरी भरली म्हणून बँकेचे सगळे मेसेज मीच एकदम उडवले होते.